लोखंडी म्हशीचा इतिहास

"लिही की! 'म्हशीचा जन्म कधी झाला ते कुणालाच ठाऊक न्हाई!' लिही, लिही!" अंगद काठावरच्या दगडावर उभा राहून भाषण केल्यासारखा हात हलवत होता.

"असलं कुणी इतिहासात लिहितं का?" वैष्णवीनं वहीतून मान वर काढली. "आणि सारखं म्हैस काय म्हणतोस? बार्ज म्हण. मालवाहू बार्ज!"

"बारज म्हण न्हाई तर बारसं म्हण! साऱ्या गावाला ती म्हैसच हाय. काळी, आडवी, पाण्यात बसली की उठत न्हाई. दुसरं काय नाव ठिवावं?"

"आता ती निळी आहे."

"निळा रंग दिला म्हणून म्हशीचा मोर होतो व्हय!"

खाली उतारावर मोहिनी काठी टेकून उभी होती. तिचं अर्धं लक्ष मेंढरांवर होतं, अर्धं त्या निळ्या म्हशीवर. हसावं असं तिलाही वाटलं, पण परवाचा उद्घाटनाचा कार्यक्रम नीट पार पडेपर्यंत तिला हसायचा धीर होत नव्हता. सुख दारापर्यंत येतं आणि उंबऱ्याला ठेचकाळून परत जातं, हे तिनं तेरा वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं.

हिंगणवाडीच्या तिन्ही अंगांना धरणाचं पाणी. दहावीपर्यंतची शाळा दिंद्रुडला, समोरच्या काठापलीकडं. चढावर उभं राहिलं तर तिथल्या पाण्याच्या टाकीवरचं ऊन चमकताना दिसायचं. पण सडकेनं वळसा बावीस किलोमीटरचा, आणि सडक म्हणजे नुसते खड्डे. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं ज्यांना ऐपत होती त्यांनी लेकरं वसतिगृहात धाडली. सरपंच विजयसिंहांची वैष्णवी बीडला शिकायची, दिवाळीच्या सुट्टीत घरी यायची. अंगद सहावीत होता, त्याला अजून चिंता नव्हती. मोहिनी उन्हाळ्यात सातवी पास झाली, वर्गात पहिली आली, आणि जूनपासून मेंढरांमागं फिरत होती.

आठवीचा वर्ग बांधायला गावात जागाच नव्हती. चांगली जमीन पाण्याखाली, उरलेल्या जमिनीत भावकीची भांडणं. म्हणून सरपंचांनी डोकं चालवलं होतं. काठाला पडलेली जुनी बार्ज रंगवायची, आत बाकं टाकायची, वर पत्रा घालायचा, आणि आठवी ते दहावी पाण्यावर भरवायची! पेपरात फोटो आला होता. तरंगती शाळा!

मोहिनीच्या बापानं, सोमेश्वरनं, तोलून-मापून सांगितलं होतं, "शाळा झाली तर आबाजवळ राहा अन् शीक. न्हाई झाली तर दिवाळीनंतर आमच्यासंगं चल. वाड्यावर माणूस कमी पडतंय." वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. तो एकदा हलला की उन्हाळा सरेपर्यंत गावाचं तोंड दिसत नसे.

म्हणजे सगळं त्या म्हशीवर होतं.

बार्जच्या दाराशी एक मोठा फलक लागणार होता. त्यावर लिहायला इतिहास गोळा करा, असं आसाराम गुरुजींनी या तिघांना सांगितलं होतं. आठ दिवस ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत हिंडले. वही बरीच भरली होती.

"वाच बरं पहिल्यापासून," मोहिनी म्हणाली.

वैष्णवीनं वाचलं. धरण बांधताना म्हैस दगड आणि सिमेंट वाहायची. भिंत पुरी झाली, पाणी चढलं, तेव्हा जुनं गाव हलवायला तीच कामाला आली. लोकांनी चौकटी, जाती, उखळं, कणग्या तिच्यावर घातल्या. बायनाबाईंनी तर चूलसुद्धा उचलून आणली होती! मारुतीचं देऊळ तेवढं पाण्याखाली राहिलं. पुढं बरीच वर्षं ती ऊस आणि बैल पलीकडं न्यायची.

"मग?"

"मग एकदम 'सध्याचं रूप'. मधली दुष्काळाची वर्षं कुणी सांगतच नाही. पप्पा म्हणाले, तेवढं सोडून दे. गुरुजी म्हणाले, चिखलात पडून होती, एवढंच लिही."

"माझा बाप म्हणला, तोंड बंद ठेव," अंगद म्हणाला. "म्या म्हणलं, कावून? तर पाठीत धपाटा! म्हणजे कायतरी हायच!"

तिघं फळीवरून म्हशीच्या पोटात उतरली. आत नव्या रंगाचा वास. चारी बाजूंना प्लायवूड ठोकलं होतं, त्यावर फुलं आणि अ-आ-इ काढलेलं. आठवीच्या पोरांना अ-आ-इ कशाला, ते रंगाऱ्यालाच ठाऊक! कोपऱ्यात सिमेंटच्या वीस पोत्यांची जागा आता रिकामी होती. घाट बांधायचं ते सिमेंट, दव लागू नये म्हणून ठेकेदाराची माणसं रोज संध्याकाळी आत आणून ठेवायची आणि सकाळी बाहेर काढायची.

अंगदला हात गप्प ठेवता येत नसे. तो भिंतीवर ढोलकी वाजवत चालला. ठण, ठण, ठण. डब. ठण, ठण. डब.

"परत वाजव!" मोहिनी एकदम म्हणाली.

त्यानं परत वाजवलं. प्लायवूडमागं लोखंड होतं तिथं ठण वाजत होतं. पण पाण्याकडच्या बाजूला, सारख्या अंतरावर, सात ठिकाणी नुसतं डब!

"सात!" वैष्णवीनं मोजलं. "मागं काहीतरी पोकळ आहे."

"खजिना!" अंगद ओरडला. "निजामाचा!"

"निजाम गेल्यावर धरण बांधलं, शहाण्या!"

मोहिनी बाहेर आली, छातीभर पाण्यात उतरली आणि बार्जच्या कडेनं चालत गेली. निळ्या रंगाखाली सात चौकोन फुगलेले दिसत होते. पाण्यापासून बरोबर पाच बोटं वर. तिनं एका चौकोनावर हात ठेवला, मग आतल्या तळाचा अंदाज घेत हात मागं घेतला. ही उंची तिला ओळखीची वाटत होती. फार ओळखीची. उतारावर एक मेंढी मान सरळ करून तिच्याकडं बघत होती.

"मेंढराच्या नाकाएवढी हाय ही उंची," ती हळूच म्हणाली.

आबा, म्हणजे तिचा आजा धुळाजी, लिंबाखाली लोकर कातत बसला होता. म्हैस रंगवायला लागल्यापासून तो काठाकडं एकदाही फिरकला नव्हता. मोहिनीनं त्याच्यापुढं बसून सरळ विचारलं, "आबा, म्हशीला सात भोकं कुणी पाडली?"

हातातली फिरती चाती थांबली. आबानं आधी अंगदकडं पाहिलं, मग सरपंचाच्या पोरीकडं.

"बापाला सांगशीला?"

"नाही सांगणार, आबा," वैष्णवी म्हणाली.

"सांग न्हाई तर नको सांगू. आता काय ऱ्हायलंय माझं." त्यानं मांडीवरची लोकर झटकली. "दुष्काळात धरण कोरडं ठक पडलं. म्हैस भुईवर. लांडग्यांचा सुळसुळाट झाल्ता. म्हणलं, लोखंडाचा वाडा फुकटात भेटलाय, घाला मेंढरं आत! पर उन्हाळ्यात लोखंड तव्यावानी तापलं. पयल्याच दिशी चार मेंढरं तोंड वासून मेली. दम कोंडून. मंग दिंद्रुडहून गॅसवाला आणला अन् वाऱ्याच्या अंगाला सात झरोके कापले. मेंढराचं नाक जिथं येतं तिथं. समद्या गावाची जनावरं त्यात जगली."

"मग लपवायचं कावून?"

"सरकारी लोखंड हाय ते! केस झाली असती. साऱ्या गावानं शपथ घेतली, कुणी बोलायचं न्हाई."

"पण आबा," वैष्णवी म्हणाली, "बोटीला भोकं पाडायची म्हणजे... पुन्हा पाणी आल्यावर काय?"

आबा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसूही नव्हतं आणि रागही नव्हता.

"पोरी, पाणी परत येईल असं तवा कुणाला वाटलं हुतं!"

 

संध्याकाळी मोहिनीनं खडूनं बार्जवर पाण्याच्या रेषेला खूण केली. माणसांनी वीस पोती आत नेली आणि तिनं परत पाहिलं. खूण दोन बोटं पाण्याखाली! सकाळी पोती बाहेर निघाली, खूण वर आली.

"वीस पोत्याला दोन बोटं," तिनं मातीत काडीनं मांडलं. "झरोके पाच बोटं वर हायेत. म्हणजे पन्नास पोती. पन्नास पोत्याचं वजन म्हणजे चाळीस-बेचाळीस माणसं."

"उद्या किती चढणार आहेत?" वैष्णवीनं स्वतःलाच विचारलं आणि तिचाच चेहरा उतरला. "ऐंशी. पप्पांनी यादी केलीय. जिल्ह्याचे साहेब, आणि गावातला घरटी एक माणूस. मोटारबोटीनं ओढत नेणार, जुन्या मारुतीवर नारळ फोडायला."

हिंगणवाडीची ती रीतच होती. लग्न असो, बारसं असो, बुडालेल्या देवळाच्या वर जाऊन पाण्यात नारळ सोडल्याशिवाय काही सुरू होत नसे. देऊळ मधोमध होतं. तिथं तीस हात पाणी!

"चला ठेकेदाराकडं!" अंगद उठलाच.

त्रिंबकशेठ खुर्चीत बसून मंडपवाल्यावर खेकसत होते. पोरांचं ऐकून ते पोट हलवून हसले.

"भोकं? अरे, ती मला काय दिसली न्हाईत व्हय? पत्रा मारलाय, फटीत लांबी भरलीय, वरून दोन हात रंग! पंधरा दिवस झाले पाण्यात हाय, थेंब आत आला का?"

"रिकामी हाय म्हणून न्हाई आला," मोहिनी म्हणाली. "झरोके पाण्याच्या वर हायेत. माणसं चढली की खाली जातील. नुसता पत्रा अन् लांबी पाण्याचा दाब सोसल का?"

"तू कोण? धुळाजीची नात ना? मेंढरं राख बाई! जहाजाचं आमी बघतो."

"आधी वेल्डिंग करून घ्या की! एका दिवसाचं काम हाय."

"अन् ही प्लायवूडची नक्षी उचकटू? तुझा बाप देईल का नवी? पळा बे इथून!"

सरपंच विजयसिंह वाईट माणूस नव्हते. आबाचं नाव न घेता लेकीनं सांगितलेलं त्यांनी पुरं ऐकून घेतलं, कपाळही चोळलं. "त्रिंबकशेठ म्हणतात पक्कं आहे, तर पक्कं असेल. ते काय आजचे ठेकेदार आहेत?"

"बरं पप्पा, मग चाळीसच माणसं न्या! शाळेत पंचवीस मुलं बसणार, त्यांना काही होत नाही. फक्त उद्या कमी माणसं चढवा!"

"आणि वगळू कुणाला? सांग! तुझ्या चुलत्याला की आत्याच्या सासऱ्याला? नारळाच्या दिवशी ज्याला काठावर ठेवलं, तो जन्मात माझ्या दारात यायचा नाही. तुला गाव कळत नाही अजून."

राहिले आसाराम गुरुजी. ते ऐकून पांढरे पडले. त्यांनी मातीतला हिशेब दोनदा तपासला आणि म्हणाले, "बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "पण मुलांनो, आपण लहान माणसं. साहेबांच्या कार्यक्रमात मी कसा बोलू? मी... मी आजारी पडेन उद्या. तुम्हीही चढू नका."

"गुरुजी, बाकीची ऐंशी?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.  पोरं निघून आली.

तिघं उतारावर बसली. खाली मंडपाला झालर लागत होती, लाऊडस्पीकरवर कुणी "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत होतं.

"सांगून कुणाला पटत नाही," वैष्णवी म्हणाली. "दाखवावं लागेल. कार्यक्रमाच्या आधी, काठाजवळ, उथळ पाण्यात. पण तेवढं वजन चढवणार कुठून?"

"माणसं तर चढायची न्हाईत," अंगद म्हणाला. "दगड भरायला जेसीबी लागंल."

 मोहिनीपुढं मेंढरं चरत होती. बाजारात वजन होताना तिनं हजारदा पाहिलं होतं. दोन मेंढरं म्हणजे एक माणूस. तिच्या बापाची मेंढरं नव्वद.

म्हैस बुडवली तर शाळाही बुडते, या विचारानं ती अडली होती; ते वैष्णवीला उशिरा कळलं.

"मोहिनी, भोकं सगळ्यांना दिसली की वेल्डिंग करतील! चार दिवस उशीर होईल, एवढंच. मग शाळा सुरू!"

"व्हय," मोहिनी म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, पण पटल्यासारखं केलं. मोडलेली वस्तू दुरुस्त करून परत लावलेली तिनं गावात कधी पाहिलीच नव्हती. मोडली की ती तशीच पडायची. आणि गप्प बसलं तर? कदाचित पत्रा टिकेलही. परवा घंटा होईल, बाकावर बसायचं, नवी वही... तिनं डोळे मिटले. मग तिला तीस हात पाण्याखालचं देऊळ दिसलं. यादीत तिच्या बापाचंही नाव होतं. धनगरवाड्यातून घरटी एक म्हणून.

"मुकादम कुठं हाय?" ती उठून उभी राहिली.

मुकादम म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा दांडगा बोकड. तो जाईल तिकडं नव्वद मेंढरं डोळे झाकून जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा कार्यक्रम होता आणि साडेदहा वाजले तरी साहेबांचा पत्ता नव्हता. मंडपात पोह्याच्या ताटल्या फिरत होत्या. फेटे बांधून झाले होते. बँडवाले उन्हात घामाघूम. म्हशीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि फळीवर लाल गालिचा!

"आता!" वैष्णवीनं मंडपातून रुमाल हलवला.

अंगद बाभळीच्या शेंगांची झोळी घेऊन फळीवर चढला. "ये, मुकादम! ये राजा! तुझ्यासाठी गालिचा टाकलाय!" मुकादमानं गालिचा हुंगला, त्याचा एक कोपरा चावून पाहिला आणि शेंगांमागं टपटपत आत गेला. "ह्यर्र! ह्यर्र!" मोहिनीनं मागून काठी आपटली. मेंढरांची पांढरी-काळी लाट फळीवरून आत शिरू लागली. दहा, वीस, चाळीस!

"ए! ए! कुणाची मेंढरं ती?" त्रिंबकशेठ हातातली ताटली टाकून धावले. "गालिचा! अरे, माझा गालिचा!"

"मोहिनेऽऽ!" ही तिच्या बापाची हाक होती. तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय थांबले असते.

साठ, सत्तर. आत ऊन फक्त एका बाजूला होतं. मेंढरं सावली शोधणारच! सगळी पाण्याकडच्या भिंतीला जाऊन चिकटली. ऐंशी, नव्वद! म्हैस त्या अंगाला कलली. चार बोटं. पाच बोटं.

"उतरवा ती घाण!" सरपंच काठावर येऊन ओरडले. निम्मा मंडप त्यांच्यामागं आला होता. "कार्ट्यांनो, काय चालवलंय हे!"

"पप्पा, तिकडं बघा!" वैष्णवीनं त्यांचा हात धरून ओढला. "ते चौकोन बघा!"

फट्! निळ्या रंगाला चीर गेली. फट्! फट्! पत्रा आतल्या बाजूला वाकला, प्लायवूडवरचा 'अ' मधोमध फुटला, आणि मांडीएवढी पाण्याची धार आत घुसली. मग दुसरी. मग सातही!

बायका किंचाळल्या. मेंढरं एकमेकांवर चढू लागली. "अंगद! मुकादमाला काढ!" मोहिनी पोटापर्यंतच्या पाण्यात उभी राहून ओरडली. अंगदनं बोकडाची शिंगं धरली आणि त्याला ओढत फळीवर घेतलं. अंगद पडला, बोकड त्याच्या अंगावरून गेला, आणि त्याच्यामागं सगळा कळप अंगदला तुडवत बाहेर! सोमेश्वर धोतर खोचून पाण्यात आला होता. तो आणि मोहिनी एकेक मेंढी उचलून बाहेर फेकत होते. 

म्हैस एक मोठा उसासा सोडून तळाला बसली. छातीभर पाणी होतं म्हणून थांबली. झेंडूच्या माळा पाण्यावर पसरल्या. बाकांच्या मागं अडकलेली एक गाभण मेंढी तेवढी सुटली नाही.

काठावर ऐंशी फेटे उभे होते. प्रत्येक जण मधल्या खोल पाण्याकडं बघत होता.

नेमक्या त्याच वेळी साहेबांच्या गाड्या धूळ उडवत आल्या आणि बँडवाल्यांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, वाजवायला सुरुवात केली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्रिंबकशेठ म्हणाले, "साहेब, मेंढरांनी धडका मारून पत्रा फोडला! भोकं बिकं काय नव्हती!"

तेव्हा गर्दीतून एक काठी टेकत पुढं आली. आबा! "भोकं म्या पाडली, साहेब. सरकारी लोखंड कापलं. काय केस करायची ती माज्यावर करा. पर ह्या माणसाला काल पोरांनी सांगितलं हुतं, अन् यानं त्यांना हाकललं."

"मलाही सांगितलं होतं," विजयसिंह खाली बघत म्हणाले. एवढ्या लोकांत ते बोलायला हिंमत लागली असणार.

"आणि मला," गुरुजी मागून पुटपुटले. ते आजारी पडायचं विसरले होते.

मग कौतुकाला ऊत आला! साहेबांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवले. सरपंचांनी साहेबांसाठी आणलेली शाल मोहिनीच्या ओल्या खांद्यांवर घातली. "या पोरीनं ऐंशी घरांची कुंकवं राखली!" भावकीतल्या म्हातारीनं तिची अलाबला घेतली. फोटो निघाले. अंगदच्या कपाळावर खुराचा ठसा उठला होता, तो त्यानं प्रत्येक फोटोत पुढं केला.

"बोल बाळ, काय बक्षीस पाहिजे तुला?" साहेब म्हणाले.

"आठवी," मोहिनी म्हणाली.

साहेब हसले. त्यांच्याबरोबरचा इंजिनिअर मघापासून म्हशीच्या अंगावर हातोडी मारत होता. एका ठिकाणी त्याचा अंगठाच पत्र्यातून आत गेला. त्यानं येऊन साहेबांच्या कानात काही सांगितलं, पण माईक चालू होता, त्यामुळं ते सगळ्यांनी ऐकलं. "नुसता रंग आहे, साहेब. पत्रा पापडासारखा झालाय. ही भंगारात काढावी लागेल."

"मग शाळा?" वैष्णवीनं विचारलं.

"प्रस्ताव पाठवू. नवीन प्रस्ताव," साहेब म्हणाले. "बघू हं."

'बघू' म्हणजे काय, ते हिंगणवाडीत तान्ह्या पोरालाही कळतं. दुपारी म्हशीला लाल चिकटपट्टी गुंडाळून सील लावलं गेलं. त्रिंबकशेठवर चौकशी बसली आणि ते दवाखान्यात जाऊन झोपले. आबावर केस झाली नाही. संध्याकाळी वैष्णवी मोहिनीच्या घरी आली. तिला पुष्कळ बोलायचं होतं, पण ती मोहिनीच्या आईबरोबर भाकरी थापत बसली आणि एकही भाकरी गोल न करता परत गेली.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वाडा हलला. घोड्यावर बिऱ्हाड लादलं, कोंबड्या टोपलीखाली झाकल्या. अंगद शिवेपर्यंत सोबत आला. एरवी ज्याची जीभ टाळूला लागत नसे, तो वाटभर नुसता मुकादमाला शेंगा चारत होता.

"उन्हाळ्यात येशीला ना?" तो एवढंच म्हणाला.

"व्हय."

"म्या पास झालो तर तवा सातवीत असंन."

"पास हो," मोहिनी म्हणाली.

तो मागं राहिला. पाण्याचा काठ सुटला, काळी रानं लागली. सोमेश्वर पुढं चालत होता. त्या दिवसापासून तो लेकीवर ना रागावला होता, ना त्यानं तिला काही विचारलं होतं. मेलेल्या मेंढीबद्दलही नाही. बराच वेळ चालल्यावर तो मागं न बघता म्हणाला, "ती बोटं अन् पोती... तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. म्याच मांडलं."

"मातीत?"

"मातीत."

तो चार पावलं चालला. खांद्यावरचं घोंगडं त्यानं उगाच सारखं केलं.

"लई हुशार हायेस गं तू," सोमेश्वर म्हणाला. "मला काय ते मांडता आलं नसतं."

आयुष्यात पहिल्यांदा बापानं असं म्हटलं होतं.  तिच्या पुढं नव्वदातली एकोणनव्वद मेंढरं चालली होती. एक मेंढी बांधावरून दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरत होती. तिला वळवायला मोहिनी धावली.